तिसरा स्क्रू आडवा

कॉम्प्युटरमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे हुसेनसाब मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःहून सांगत. त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. उलट कॉम्प्युटरनेच अजून आपली ओळख करून घेतलेली नाही, असा त्यांचा चेहरा असे. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या गल्लीत त्यांचा मुलगा ताबीश कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. दुकान एवढंसं, त्यातही दाराजवळची एक लाकडी खुर्ची कायमची अडवलेली. सकाळी अकराला हुसेनसाब तिच्यावर येऊन बसत, चहा मागवत आणि कोपऱ्यावरून वळणाऱ्या प्रत्येक ट्रकला नावं ठेवत.

"बघ, बघ ती केबिन. कंपनीनं साच्यातनं काढली आन दिली सोडून. शंभर उभ्या केल्या तर मालकाला सोताची वळखू यायची न्हाय."

नावं ठेवायचा त्यांना हक्क होता. चाळीस वर्षं होटगी रोडला त्यांचं ट्रकची बॉडी बांधायचं यार्ड होतं. तेव्हा कंपनीकडून नुसती चासी यायची. इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरला टेकायला एक फळकूट. तोंडाला टॉवेल गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल चढवून ड्रायव्हर ती उघडीवाघडी चासी शेकडो मैल चालवत आणायचा आणि यार्डात उतरला की आधी पाण्याचा माठ गाठायचा. महिन्याभराने त्याच चासीवर सागवानी केबिन चढलेली असायची, मागे नक्षीचा फाळका, कपाळावर वळणदार पत्रा आणि दोन्ही दारांवर चनबसप्पा पेंटरने काढलेले मोर. चासी सगळ्यांची एकच, बॉडी मात्र ज्याची त्याची. विजापूरचा मिस्त्री दाराची कड कशी वळवतो, हैदराबादवाले मडगार्डला कुठे पोट देतात, हे हुसेनसाबांना इतकं पाठ होतं की धुळीतून येणारा ट्रक फर्लांगभर लांबून बघून ते यार्डाचं नाव सांगायचे. लोक पैजा लावायचे आणि जिंकलेला चहा हुसेनसाब प्यायचे.

पुढे कंपन्या केबिनसकट ट्रक देऊ लागल्या आणि यार्डात चासी येईनाशा झाल्या. यार्ड बंद होऊन आता सात वर्षं झाली होती, आणि थोरली मुलगी हुस्ना घरातून गेली त्यालाही सातच.

हुस्ना यार्डात वाढली. शाळा सुटली की दप्तरासकट ती तिथेच. पत्रा कापायच्या आधी त्यावर फर्मा ठेवून खडूने गिरवून घ्यायचं असतं. फर्मा म्हणजे पत्र्यातच कापून ठेवलेलं वळण. मडगार्डचे, दाराचे, फाळक्याचे असे साठ-सत्तर फर्मे भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत, प्रत्येकावर नंबर, आणि त्यातले बरेचसे हुस्नाने बाराव्या वर्षापासून कापलेले. डिप्लोमा झाल्यावर ती म्हणाली, ट्रक नाही तर नाही, आपण रुग्णवाहिका बांधू, फिरते दवाखाने बांधू, यार्ड मी चालवते. हुसेनसाब म्हणाले, पोरीच्या जातीने ड्रायव्हरांच्या घोळक्यात उभं राहायचं नाही. आठवडाभर दोघांची तोंडं वाजली. मग ती परीक्षेला पुण्याला गेली असताना हुसेनसाबांनी सगळे फर्मे भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवले, म्हणजे विषयच संपला. ती परत आली, भिंतीवरचे रिकामे खिळे तिने बघितले आणि त्याच पावली बंगळुरूला निघून गेली.

आपण चुकलो हे हुसेनसाबांना तो टेम्पो फाटकातून बाहेर पडतानाच कळलं होतं. पण कळून काय उपयोग? जीभ उचलत नव्हती. दर शुक्रवारी दुपारी हुस्नाचा तिच्या आईला, सायराबानूला, फोन यायचा आणि तो आला की हुसेनसाब उठून जिन्यात जायचे, चपलांच्या जोड्या लावत बसायचे. कान मात्र आत. एवढं त्यांना समजलं होतं की ती वस्तूंची बाहेरची रूपं काढते, मिक्सर, पंखे असलं काहीतरी, आणि कुठल्या कंपनीसाठी काढते ते कुणाला सांगायचं नाही अशी तिच्याकडून सही घेतलेली आहे. "मिक्सर!" ते जिन्यात एकटेच म्हणायचे. तिच्याशी बोलायला त्यांचा जीव तळमळायचा. पण फोन हातात घ्यायचा म्हणजे आधी चूक कबूल करायची, आणि गाडं तिथेच अडायचं.

इकडे ताबीशला एक वेगळंच वेड होतं. गिऱ्हाईक नसलं की तो दुकानातल्या मोठ्या पडद्यावर कसले तरी फोटो ताणून ताणून बघत बसे. गेल्या वर्षी एकदा हुसेनसाबांनी न राहवून विचारलं, "काय रं ते? जेवणाच्या डब्याला पंखे लावल्यावानी?"

"ग्राफिक्स कार्ड हाय अब्बा. कॉम्प्युटरला चित्रं दाखवायला लागतं. ह्यातली मेन चिप एकच कंपनी करती. ती चिप घेऊन धा-पंधरा कंपन्या आपापले पंखे, आपापला पत्रा, आपापली डिझाइन बसवत्यात. परदेशात प्रदर्शन भरतं, तितं नवीन कार्डं काचेत ठेवत्यात. बाजारात यायला अजून सहा म्हैने असतात, नाव झाकलेलं असतं. लोक फोटो काढून नेटवर टाकतात, आन आमी वळखायचं, कार्ड कुणाचं ते."

हुसेनसाबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "म्हंजे चासी एकाची आन बॉडी दुसऱ्याची."

ताबीश खुर्चीसकट वळला. हे जगातल्या कुणीही त्याला इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून लाकडी खुर्ची दारातून उठली आणि पडद्यासमोर आली. हुसेनसाब चष्मा पुसून फोटो बघायचे आणि मुलाला झापायचे. "रंगाकडं काय बघतोस? रंग शेवटी लागतो. आज लाल, उद्या काळा. पत्रा कुटं वळवलाय ते बघ. हात बदलत न्हाय." ताबीश पंख्यांची पाती मोजायचा, वायर जोडायची जागा बघायचा, हुसेनसाब कडा बघायचे. एका कार्डाचा कोपरा बघून ते म्हणाले, "हा त्योच, गेल्या म्हैन्यातला. ह्याला कोपरा मोडायची भीती वाटती, म्हणून दोनदा वळवतो." सहा महिन्यांनी ते कार्ड बाजारात आलं आणि खरंच त्याच कंपनीचं निघालं. असं तीनदा झालं. ज्या संकेतस्थळावर जगभरचे हे वेडे जमत, तिथे ताबीशने 'सात रस्ता' हे नाव घेतलं होतं. सात रस्ता म्हणजे कॅमेऱ्याची काहीतरी नवीन पद्धत असावी, असं पोलंडच्या एका माणसाला बरेच दिवस वाटत होतं. बापलेक त्यावर पोट धरून हसले. सात वर्षांत हुसेनसाब इतके हसले नव्हते, हे सायराबानूने ताबीशला बाजूला घेऊन सांगितलं.

या जूनमध्ये तैवानला मोठं प्रदर्शन भरलं आणि फोटोंचा पाऊस पडला. त्यातल्या एका फोटोने सगळ्यांना घोळात टाकलं. काचेत ठेवलेलं एक कार्ड, बाजूने काढलेला फोटो, मध्ये कुणाची तरी बाही आलेली. नावाची पट्टी झाकलेली. दोन पंखे, करडा पत्रा आणि वरच्या कडेला पितळी रंगाची एक पट्टी. त्या पट्टीवर ओळीने सात स्क्रू, तेही जुन्या पद्धतीचे, डोक्यावर एकच सरळ खाच असलेले. असले स्क्रू आता कोणी वापरत नाही. तीन दिवस वाद चालला. कोणी म्हणे ही कंपनी, कोणी म्हणे ती.

शनिवारी दुपारी ताबीशने तो फोटो मोठ्या पडद्यावर घेतला. "अब्बा, ह्याच्यावर सगळे हरलेत. आन हे बघा, सहा स्क्रूंच्या खाचा उभ्या, एक आडवी. लोक हसायलेत. म्हणतात घाईघाईत जोडलेला नमुना असंल."

हुसेनसाबांनी डावीकडून मोजलं. एक, दोन, तीन. तिसरा आडवा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत मोजलं. मग ते उभे राहिले आणि त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"चोर! ही माजी खूण हाय!"

ती खूण त्यांनी कधी कुणाला सांगितलेली नव्हती, पोटच्या मुलालाही नाही. त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. बॉडी पुरी झाली की केबिनमध्ये ड्रायव्हरच्या दारावर एक सागवानी पट्टी लागायची, सात पितळी स्क्रूंनी. ती पट्टी हुसेनसाब स्वतः बसवायचे, सगळी माणसं घरी गेल्यावर, दिवस मावळायच्या आत. सातही स्क्रूंच्या खाचा एका रेषेत उभ्या यायला पाहिजेत. कोणी बोट फिरवलं तर कुठे अडखळता कामा नये. आणि मग तिसरा स्क्रू ते पाव फेरा फिरवून आडवा करायचे. काम अगदी बिनचूक झालं की त्याला नजर लागते, असं त्यांचे वडील मानायचे. एवढी एक चूक जाणूनबुजून ठेवली की गाडी सुखरूप राहते. चाळीस वर्षांतल्या प्रत्येक ट्रकमध्ये तिसरा स्क्रू आडवा होता. ड्रायव्हरांनी ते कधी बघितलं नाही, बघितलं तरी त्यांना काही वाटलं नाही.

"मग ही खूण तैवानला कशी गेली?" ताबीशने विचारलं.

"चनबसप्पा!" हुसेनसाब गरजले. "त्याचा पुतण्या शिवानंद हैदराबादला कॉम्प्युटरात हाय. पेंटरनं माजी खूण बघितली, पुतण्याला सांगितली. आत्ताच्या आत्ता कुंभारीला त्याच्या घरी चल."

ताबीशने शटर ओढायच्या आधी घाईने संकेतस्थळावर एक ओळ लिहिली: हा हात ओळखीचा आहे, संध्याकाळी नाव सांगतो. मग स्कूटरवर बापाला मागे बसवून तो कुंभारीला निघाला. वाटेत हुसेनसाब त्याच्या पाठीमागून चनबसप्पाच्या चार पिढ्यांचा उद्धार करत होते. रागात ते नेहमी मराठीच बोलायचे. घरात दखनी, यार्डात मराठी, आणि राग सगळा यार्डातला.

चनबसप्पा घरापुढच्या ओट्यावर पाय पसरून शेंगा फोडत बसला होता. मोतीबिंदू काढल्यापासून तो काळा चष्मा लावायचा. आवाजावरून त्याने ओळखलं. "बर्री, कुंद्री! ये, बस! हुसेनभाई, किती वर्सांनी रे!"

"बसायला न्हाय आलो. माजी खूण का इकलीस?"

सगळं ऐकून घेईपर्यंत चनबसप्पाने दोन मुठी शेंगा संपवल्या. मग तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "शिवानंद? आरं, त्यो दवाखान्यात कॉम्प्युटरवर नंबर फाडतो. पेशंटला म्हणतो, तुमी बेचाळीस, बसा तिकडं. त्याला स्क्रू कशाला म्हणतात ते तरी ठाव हाय का?"

"मग कुणाला ठाव असणार?"

"मला तर आज कळायलंय. मी पेंटर माणूस. माझा मोर सुकला की ब्रश धुतला, सायकलीवर टांग मारली, गेलो. शेवटचे स्क्रू तू आमी गेल्यावर लावायचास." चनबसप्पाने काळा चष्मा कपाळावर सरकवला. "तुज्यासंगट शेवटपातूर कोण थांबायचं ते आठव की. स्क्रूची डबी कोण धरायचं?"

हुसेनसाबांनी चपला काढल्या. ते ओट्यावर बसले.

चनबसप्पाने पुढे केलेल्या शेंगा हातात तशाच राहिल्या. त्यांना यार्डातली संध्याकाळ दिसायला लागली. केबिनला अजून काच बसायची असायची आणि त्या मोकळ्या चौकटीतून पिवळं ऊन सरळ आत यायचं. नव्या सागाचा आणि ताज्या रंगाचा वास. ड्रायव्हरच्या जागेवर चपला काढून उभी राहिलेली नऊ वर्षांची हुस्ना, दोन वेण्या, शाळेचा निळा फ्रॉक, हातात बिस्किटांची जुनी पत्र्याची डबी. ती एकेक स्क्रू काढून तळहातावर ठेवायची आणि हात पुढे करायची, ते न बघताच उचलायचे. दोघांपैकी कोणी बोलायचं नाही. बोलायची गरजच नसायची. बाहेर होटगीच्या गाडीची शिट्टी व्हायची, आणि पट्टी लागून झाली की ती बोट फिरवून तपासायची. आणि एका संध्याकाळी ती म्हणाली होती, "अब्बा, तिसरा आडवा ऱ्हायला."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले होते. "कुणाला बोलू नको."

तिने खरंच कुणाला सांगितलं नाही. ते मात्र विसरून गेले. इतक्या संध्याकाळी जी पोर शेजारी उभी होती तिला सोडून त्यांनी सगळ्या जगावर चोरीचा आळ घेतला. कुंभारीच्या त्या ओट्यावर हुसेनसाबांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते मान वर करेनात.

"मिक्सर न्हाय," ते अखेर म्हणाले. "ती मिक्सर करत न्हाय."

ताबीशला आता कुठे उजेड पडला. तो ओट्यावरून उडालाच. "हुस्नाआपा! आपा कार्डं काढती? आन मला, सख्ख्या भावाला, मिक्सर सांगती? अब्बा, एक फोन लावायचा. कंपनीचं नाव विचारायचं. संध्याकाळी मी टाकलं की सगळ्या दुनियेत आपण पयले!"

"न्हाय."

"आवो, तीन दिवस सगळे..."

"तिनं सही केलीया," हुसेनसाब म्हणाले. "यार्डात गिऱ्हाईकाची गाडी पुरी व्हायच्या आत आपण कुणाला दाखवत होतो का? मालक हार घेऊन येईपातूर वर ताडपत्री असायची. आज तू नाव सांगितलंस, तर उद्या तिला विचारतील, सात रस्ता तुजा कोण लागतो? तिची रोजी जाईल. तिचं यार्ड मी एकदा मोडलंय. दुसऱ्यांदा मोडायचं न्हाय."

ताबीश स्कूटरकडे वळला. या वेडात त्याने दोन वर्षं घालवली होती आणि असा फोटो पुन्हा हाती लागणार नव्हता. घरी पोचल्यावर मोबाइल काढून त्याने लिहिलं: माझी चूक झाली, हात ओळखता आला नाही. पोलंडच्या माणसाने लगेच त्याची टर उडवली. ती वाचून ताबीशने मोबाइल उशीखाली सारला आणि तो तोंड धुवायला गेला.

सायराबानू गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. हुसेनसाब तिच्यासमोर उभे राहिले.

"फोन लाव."

"किसको?"

"तुला कळतंय."

सायराबानूने सूप बाजूला ठेवलं. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं, हात पदराला पुसले, नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. जिन्यातल्या चपला त्या दिवशी तशाच विस्कटलेल्या राहिल्या.

"अम्मी? आज शनिवार को कैसा फोन?" पलीकडून हुस्नाचा आवाज आला.

सात वर्षं हुसेनसाब मनात जुळवत असलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना. तोंडातून निघालं ते यार्डातलं निघालं. "तिसरा आडवा हाय."

मग तीही यार्डातल्या भाषेत बोलली. बापाशी ती तीच भाषा बोलायची. "कुटं बघितलं, अब्बा?"

"ताबीशच्या पडद्यावर. काचेत ठेवलेलं."

"कुणाला सांगू नका हां. लई पक्की सही हाय माजी."

"ताडपत्री टाकलीया," हुसेनसाब म्हणाले. ती हसली, आणि त्या हसण्यातच तिला रडू फुटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि एका दमात सांगून टाकलं. "पोरी, मी फर्मे भंगारात घातले ते लई वाईट केलं. टेम्पो फाटकाबाहेर गेला तवाच मला कळलं व्हतं. धावत जाऊन थांबवायला पायजे व्हतं, थांबवलं न्हाय. यार्ड तू चालवलं असतंस. माज्यापेक्षा चांगलं चालवलं असतंस. हे सांगायला मला सात वर्सं लागली."

सायराबानू सूप मांडीवर घेऊन बसली होती आणि एकही शेंग मोडत नव्हती.

"अब्बा," हुस्ना म्हणाली, "तुमी नुसते स्क्रूच बघितले?"

"मग?"

"आवो, कोपऱ्याचं वळण न्हाय बघितलं? मडगार्डचा फर्मा हाय त्यो. एकोणीस नंबर. तुमचा सोताचा."

रंगाकडे बघू नको, वळण बघ, असं वर्षभर मुलाला झापणाऱ्या हुसेनसाब मिस्त्रींना स्वतःचंच वळण दिसलं नव्हतं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "त्यो तर भंगारात गेला की!"

"पत्रा गेला. माज्या हाताला त्यो पाठ हाय."

मग ते दोघं पाऊण तास बोलले. पत्र्याची जाडी किती, पंख्यांना वारा कुठून मिळतो, पट्टी खरी पितळी की नुसता रंग. नुसता रंग आहे म्हटल्यावर हुसेनसाबांनी नाक मुरडलं आणि ते तिला फोनवर कळलं. शेवटी हुस्ना म्हणाली, "पण आपली खूण ऱ्हायची न्हाय, अब्बा. त्यो नमुना मी माज्या हातानं जोडला म्हणून तसा जमला. कंपनीनं नेटवरचं हसणं वाचलं. आता कारखान्यात मशीन लावणार हाय. सातच्या सात उभे."

"मग नजर लागंल की," हुसेनसाब काळजीने म्हणाले. त्यांना खरोखरच काळजी वाटत होती.

दिवाळीनंतर ते कार्ड बाजारात आलं. सोलापुरातलं पहिलं ताबीशनेच मागवलं, होटगीच्या ऋतुजासाठी. ती लग्नांचे व्हिडिओ जोडायची आणि तिचा जुना कॉम्प्युटर निम्म्या वरातीत मान टाकायचा. खोकं उघडायचं त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, कारण चार दिवसांच्या सुट्टीवर हुस्ना आलेली होती आणि तिला बघायला सायराबानूही सकाळपासून दुकानातच ठाण मांडून होती. हुस्नाच्या एका कानावरचे केस पांढरे झाले होते. हुसेनसाब सारखं तिकडे बघायचे आणि नजर काढून घ्यायचे.

ताबीशने कार्ड बाहेर काढलं आणि बापाच्या हातात दिलं. हुसेनसाबांनी डोळे मिटले आणि कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. एकोणीस नंबर. जिथे पोट द्यायचं तिथेच दिलं होतं, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. मग त्यांनी वरच्या पट्टीवरून बोट फिरवलं. सात स्क्रू, सातही उभे, बोट कुठे अडखळलं नाही.

"ताबीश, पेचकस दे. बारीक."

"काका, नवीन हाय ओ त्ये!" ऋतुजा घाबरली.

"बाई, तुज्या कार्डाला काय हुईत न्हाय. एक स्क्रू पाव फेरा फिरवायचा हाय. तू न्हाय म्हणलीस तर न्हाय फिरवत."

ऋतुजाने ताबीशकडे बघितलं. ताबीशने मान डोलावली. तिने मग हुस्नाकडे बघितलं. या अनोळखी बाईचे डोळे का भरलेत, ते तिला कळेना, पण ती म्हणाली, "फिरवा की मग."

हुसेनसाबांनी पेचकस तिसऱ्या स्क्रूच्या खाचेत बसवला. हात अजूनही स्थिर होता. पण त्यांनी स्क्रू फिरवला नाही. पेचकस काढून त्यांनी हुस्नाच्या हातात दिला.

"हा मिस्त्रीनंच फिरवायचा असतो," ते म्हणाले.

हुस्नाने कार्ड टेबलावर सरळ ठेवलं आणि वाकून डावीकडून मोजलं. ताबीशची स्क्रूंची प्लॅस्टिकची डबी टेबलावर पडली होती. त्या डबीची खरं तर आता काही गरज नव्हती. तरी हुसेनसाबांनी ती उचलली आणि दोन्ही हातांत धरून ते तिच्या शेजारी उभे राहिले.